बँड सोडला म्हणजे स्वतःचा आवाज सापडला का?

संशोधनात ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी सरळ रेघ मारायचा मोह फार असतो. रॉक संगीतावरच्या लिखाणातही तेच होतं: गायक बँडमधून बाहेर पडला, मोकळा झाला आणि त्याला स्वतःचा आवाज सापडला. पीटर गॅब्रिएलने १९७५ मध्ये ‘जेनेसिस’ हा बँड सोडला. हे विधान त्याच्या सुरुवातीच्या अल्बमवर तपासून बघू. (त्याच्या पहिल्या चारही अल्बमचं नाव ‘पीटर गॅब्रिएल’च आहे, त्यामुळे टिपणात साल लिहायला विसरू नका!)

१९७७ च्या अल्बममध्ये ब्लूज आहे, ऑर्केस्ट्रा आहे, चार आवाजांतलं मिश्कील गाणंही आहे. गाणी चांगली, पण घर नेमकं कुणाचं ते कळत नाही. ‘हिअर कम्स द फ्लड’ तर निर्माता बॉब एझ्रिनच्या भव्य मांडणीखाली दबून जातं. हेच गाणं गॅब्रिएल १९७९ मध्ये रॉबर्ट फ्रिपच्या ‘एक्स्पोजर’ या अल्बमवर पुन्हा गायला, मुख्यतः पियानोच्या साथीने. गाणं तेच, गायक तोच, बदलली ती मांडणी. तुलनेसाठी इतकी सोयीची जोडी क्वचितच मिळते. दोन्ही लागोपाठ ऐका. माझ्या मते दुसरं सरस आहे, कारण त्यात शब्दांना श्वास घ्यायला जागा आहे.

१९७८ चा अल्बम फ्रिपनेच केला. तो कोरडा, आटोपशीर आहे, पण गाणी तितकी लक्षात राहत नाहीत. म्हणजे नुसती काटछाट पुरत नाही.

खरा बदल ऐकू येतो तो १९८० मध्ये. या वेळी गॅब्रिएलने नियम घातला: ड्रमच्या सेटमधल्या झांजा वाजवायच्या नाहीत. मग ‘इंट्रूडर’मध्ये ड्रमचा ठोका एकदम मोठा होतो आणि घुमता घुमता कापल्यासारखा थांबतो. गाण्यातली भीती तिथूनच येते. हा ठोका वाजवणारा कोण? फिल कॉलिन्स, म्हणजे जेनेसिसमधलाच जुना साथीदार!

आता सुरुवातीच्या विधानाचं काय उरलं? बाहेर पडून पाच वर्षं झाल्यावर, एक बंधन घालून घेतल्यावर आणि जुन्या सोबत्याच्या मदतीने हा आवाज सापडला. एका कलाकारावरून नियम काढता येत नाही, हे खरंच. पण तयार नियमावर शंका घ्यायला एक नीट ऐकलेलं उदाहरण पुरतं. तुमच्या प्रस्तावात ‘यामुळे ते झालं’ असं वाक्य असेल, तर मध्ये गेलेल्या वर्षांत काय काय घडलं, ते आधी लिहून काढा.