रूपकलाप आणि अणू : एका साम्याची चिकित्सा

अणुविज्ञानाने बुद्धवचनाला दुजोरा दिला, हे विधान धम्मविषयक व्याख्यानांतून इतक्या वेळा ऐकावयास मिळते की त्याचा उगम शोधण्याची गरज कोणास वाटत नाही. उगम मात्र सापडतो. सयाजी ऊ बा खिन यांनी १९५१ साली रंगून येथे दिलेल्या व्याख्यानांत, रथाच्या चाकाने उन्हाळ्यात उडणाऱ्या धूलिकणाचा ४६,६५६ वा भाग म्हणजे एक कलाप, असे प्रमाण सांगितले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांनी दहा दिवसांच्या शिबिरातील प्रवचनात त्याला आधुनिक साक्षीदार जोडला : एका अमेरिकन शास्त्रज्ञाने 'बबल चेंबर' हे यंत्र बनविले, सूक्ष्म कण एका सेकंदात १ वर २२ शून्ये इतक्या वेळा उपजतो व लय पावतो हे मोजले आणि नोबेल पारितोषिक मिळविले. इगतपुरीपासून नागपूर-भंडाऱ्यापर्यंत असंख्य साधकांनी हे ऐकले आहे. आपल्या विहारांतील उपासकही त्यांत आहेत. साधनेच्या लाभाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. प्रश्न पुराव्याचा आहे.

प्रथम ४६,६५६. ही संख्या म्हणजे ३६ चा घन, आणि तिचे मूळ विभंगाच्या अट्ठकथेत, सम्मोहविनोदनीत आहे. तेथे ३६ परमाणूंचा एक अणू, ३६ अणूंची एक तज्जारी, ३६ तज्जारींचा एक रथरेणू, ३६ रथरेणूंची एक लिक्खा आणि पुढे सातासातांच्या पटीने ऊका, धञ्ञमास व अंगुल असे लांबीचे कोष्टक आहे. कलाप हा शब्द त्या कोष्टकात नाही. गुणाकार केला तर एका अंगुलात ५७,६१,०८,२८८ परमाणू भरतात. अंगुल दोन सेंटिमीटर धरले तर परमाणू सुमारे ०.०३५ नॅनोमीटरचा येतो. हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे ०.१ नॅनोमीटर आहे. आकडे जवळचे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. येथेच अनेकांचा तोल जातो.

परंतु तीच अट्ठकथा अणूचे वर्णनही करते. भिंतीच्या छिद्रातून आलेल्या सूर्यकिरणात गिरक्या घेताना दिसतो तो अणू. परमाणू मात्र मांसचक्षूला दिसत नाही. कवडशातील असा कण दहा मायक्रोमीटरचा धरला तर त्याच्या छत्तिसाव्या भागाच्या रुंदीत आधुनिक अर्थाचे सुमारे हजार अणू मावतील. म्हणजे वरून मोजले तर एक उत्तर, खालून मोजले तर दुसरे. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशातील कोष्टक आरंभापासून सातच्या पटीने चालते; त्यात अंगुलीपर्वात सुमारे १९८ कोटी परमाणू येतात आणि तिसरेच उत्तर मिळते. कोष्टककारांना मापनाची साखळी पूर्ण करावयाची होती. पदार्थाची रचना त्यांनी तपासली नव्हती. शिवाय याच वसुबंधूंनी विंशतिकेत परमाणूची कल्पनाच खंडित केली : सहा दिशांनी सहा परमाणू जोडले जात असतील, तर मधल्याला सहा बाजू असल्याच पाहिजेत, मग तो निरवयव कसा?

शब्दांनीही गोंधळ वाढविला आहे. शालेय मराठीत अणू व रेणू, तर हिंदीत त्याच अर्थांनी परमाणु व अणु. आमच्या साकोली-गोंदिया भागात दोन्ही भाषांतील पुस्तके वाचली जातात, आणि पालीतला अणू तर या दोहोंहून निराळा, धुळीचा कण.

आता यंत्राविषयी. बबल चेंबर डोनाल्ड ग्लेसर यांनी १९५२ साली बनविले. त्यांना १९६० चे नोबेल मिळाले. उकळीच्या सीमेवर ठेवलेल्या द्रवातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर बुडबुड्यांची रेघ उमटते आणि तिचे छायाचित्र घेतात. एकाच कणाचा उदयव्यय मोजण्याचे ते साधन नव्हे. लुई अल्वारेझ यांनी द्रवरूप हायड्रोजनचे मोठे चेंबर उभारून अनेक अल्पजीवी कण शोधले व १९६८ चे नोबेल मिळविले. त्यांतील काहींचे आयुष्य सेकंदाच्या, १ वर २३ शून्ये, इतक्याव्या भागाएवढे असते. प्रवचनातील आकडा बहुधा येथून आला असावा. पण असा कण एकदाच विघटित होतो आणि त्याच्या जागी निराळे कण येतात. प्रोटॉनची गोष्ट अगदी उलट आहे. त्याचे विघटन पाहण्यासाठी जपानमध्ये भूगर्भात हजारो टन पाण्याची टाकी उभारली, तरी ते अजून निश्चितपणे आढळलेले नाही. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत विघटित होतो. तोच स्थिर अणुकेंद्रात बांधला गेला की टिकतो. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षे, युरेनियम-२३८ चा सुमारे ४४७ कोटी वर्षे.

कलापाचा विचारच वेगळ्या जातीचा आहे. धर्मानंद कोसंबींनी नवनीतटीकेसह संपादिलेल्या अभिधम्मत्थसंगहात वाचकाला तो पाहता येईल. शुद्धाष्टकात पठवी, आपो, तेजो, वायो यांच्याबरोबर वर्ण, गंध, रस आणि ओज असतात. पठवी म्हणजे कठीण-मऊपणा, तेजो म्हणजे उष्ण-शीतपणा. ही अनुभवात येणाऱ्या रूपाची फोड आहे. एकट्या हायड्रोजनच्या अणूला गंध नाही, चव नाही आणि ओजही नाही. १९११ साली रदरफोर्ड यांनी दाखविलेले अणुकेंद्र या अष्टकात कोठे बसवावयाचे, हे साम्यवादी लेखक (राजकीय अर्थाने नव्हे) सांगत नाहीत.

क्षणभंगाचा हा सूक्ष्म हिशेब, म्हणजे रूपाचे आयुष्य सतरा चित्तक्षणांचे, अट्ठकथा-परंपरेत आकाराला आला. निदानसंयुत्तातील अस्सुतवा सुत्तात भगवंतांनी निराळ्याच गोष्टीकडे बोट दाखविले आहे. चार महाभूतांचे हे शरीर एक वर्ष, दहा वर्षे, शंभर वर्षेही टिकताना दिसते. चित्त मात्र रात्रंदिवस एक उपजते, दुसरे निरुद्ध होते, एक फांदी सोडून दुसरी धरणाऱ्या वानरासारखे. म्हणून आत्मा म्हणून काही धरावयाचेच असेल, तर चित्तापेक्षा शरीर धरणे बरे, असे ते तेथे म्हणतात.