कागद कापून दाखवणारी सुरी

या व्हिडिओंचा साचा एव्हाना तुम्हालाही पाठ झाला असेल. एक माणूस, चेहरा फ्रेमच्या बाहेर. टेबलावर भंगारातून आणलेला टायटॅनियमचा तुकडा, आणि स्क्रीनवर एकच ओळ : हा कधीकाळी विमानाचा भाग होता. मग ग्राइंडर. पोलादाच्या ठिणग्या पिवळट-नारिंगी असतात, टायटॅनियमच्या पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या. मग पातं द्रावणात बुडवून वीज सोडतात आणि व्होल्टेज वाढेल तसा त्यावर आधी सोनेरी-तपकिरी, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. शेवटी हवेत धरलेला कागद. सर्रकन दोन तुकडे. कोणी एक शब्द बोललेलं नसतं.

रात्री लॅपटॉप मिटल्यावर मी असे कितीतरी व्हिडिओ पाहतो, आवडीनं पाहतो. त्यात खोटं असं काही नसतं. तो रंगसुद्धा खरा असतो. त्यात रंगद्रव्य अजिबात नाही, ऑक्साइडच्या थराची जाडी बदलते तसा प्रकाश वेगळा दिसतो, एवढंच. माझी तक्रार आहे ती त्या कागदाबद्दल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डेमो म्हणतो, तो हा प्रकार. डेमो चालतोच. प्रश्न असतो तीन महिन्यांनी काय होतं हा. नुकतीच घासलेली जवळपास कुठलीही पट्टी कागद कापते, कारण धार बारीक असणं आणि धार टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानांत सर्रास वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. रॉकवेलच्या सी मापावर त्याचा कडकपणा साधारण ३६. चांगल्या स्वयंपाकाच्या सुरीचं पोलाद ५५ ते ६०च्या घरात असतं. पोलादात कार्बन असतो, तापवून झटकन थंड केलं की ते कडक होतं. टायटॅनियम त्या वाटेनं जात नाही. तापवून त्याची ताकद थोडी वाढवता येते, पण पोलादाचा कडकपणा त्याला येत नाही. उघड्या हवेत जास्त तापवलंत तर ते ऑक्सिजन शोषून वरच्या वर ठिसूळ होतं.

जाणकार कारागिरांना हे माहीत असतं. त्यातले काहीजण विजेच्या ठिणग्यांनी पात्याच्या एकाच बाजूला टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर चढवतात. मऊ बाजू झिजत जाते, कडक बाजू पुढे राहते. अशी धार थोडी खरबरीत असते, दोर छान कापते. पाणबुड्यांसाठी किंवा सुरुंग निकामी करणाऱ्यांसाठी टायटॅनियमच्या सुऱ्या बनतात, त्यालाही कारण आहे : खाऱ्या पाण्यात गंज नाही आणि चुंबकत्व नाही. त्या सुऱ्या धातूचा स्वभाव ओळखून केलेल्या असतात. व्हिडिओतली सुरी मात्र बहुतेकदा टोमॅटो चिरते. एकच टोमॅटो.

दुसरी तक्रार ‘भंगारातून’ या शब्दाबद्दल. कुठल्या भंगारातून? कोणी कापलं? नॉर्वेचा छायाचित्रकार योनास बेंडिक्सन याचा २०००मधला एक फोटो आहे, रशियातल्या अल्ताईचा. कझाकस्तानातल्या बैकोनूरहून उडालेल्या रॉकेटचे गळून पडलेले टप्पे त्या भागात कोसळतात. फोटोत गावातली दोन माणसं अशाच एका सांगाड्यावर चढली आहेत, धातू गोळा करायला आणि विकायला. चहूकडे हजारो पांढरी फुलपाखरं, वर निळं आभाळ. फोटो इतका सुंदर आहे की मनात आधी फुलपाखरं येतात. मग कळतं, त्यातल्या काही रॉकेटांचं इंधन भयंकर विषारी आहे. बेंडिक्सनची बाजू घ्यायची तर, त्यानं निदान माणसं फ्रेममध्ये ठेवली. आमच्या व्हिडिओत धातू थेट टेबलावर अवतरतो.

भंगाराचा इतिहास सांगूनही सुरी विकता येते, हे तैवानच्या किनमेन बेटावर दिसतं. २३ ऑगस्ट १९५८पासून ४४ दिवस चीननं या चिमुकल्या बेटावर पावणेपाच लाखांच्या आसपास तोफगोळे टाकले. त्यानंतर दिवसाआड मारा सुरू राहिला, १९७९ उजाडेपर्यंत. त्यातले बरेच गोळे प्रचारपत्रकांचे होते, म्हणून त्यांची जाड कवचं शाबूत राहिली. बेटावरचे लोहार त्याच कवचांच्या सुऱ्या करतात. कारखान्यात गंजलेल्या गोळ्यांचे ढीग गिऱ्हाइकासमोर असतात, आणि गिऱ्हाइकांत चीनहून आलेले पर्यटकही असतात. इथे कथा दमदार आहेच, पण ती धारेच्या जागी उभी केलेली नाही. कवच पोलादाचं आहे, त्याची सुरी होऊ शकते.

आणि असलं काम पाहायला तैवानलाच जायला हवं असंही नाही. आपल्याकडचा लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता करतो, तोही भंगारातलाच. पाट्याच्या पोलादात पुरेसा कार्बन असतो, त्याला पाणी देता येतं, हे तो रॉकवेलचं नाव न ऐकता जाणतो. त्याचा व्हिडिओ कोणी केला तर फार चालणार नाही. रंग नाही, पांढऱ्या ठिणग्या नाहीत, आणि कोयत्यानं कागद कापून दाखवायचं त्याच्या डोक्यातही येणार नाही.

मला पाहायचा आहे तो व्हिडिओ अगदी कंटाळवाणा आहे. तीच निळी-जांभळी सुरी, सहा महिने कुणाच्या तरी ओट्यावर वापरलेली. सुरण, कच्ची कैरी, भोपळ्याची साल. कॅमेरा पात्याच्या कडेवर. किती वेळा घासावी लागली, ते स्क्रीनवर एका ओळीत. आणि तो तुकडा विकणाऱ्या माणसाचा चेहरा, त्याची हरकत नसेल तर.