गालिबच्या पत्रांतील माणसे

मराठी वाचकाला गालिब ठाऊक आहे तो गझलेचा. त्याची उर्दू पत्रे मात्र आपल्याकडे बहुधा अभ्यासकांच्याच हाती राहिली. एकाकी माणूस माणसे कशी जोडतो, हे समजून घ्यायचे तर गझलांपेक्षा ही पत्रे अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

गालिबचे एकटेपण हा कवीचा आव नव्हता. त्याची सातही अपत्ये तान्हेपणीच गेली. मुलासारखा मानलेला आरिफ १८५२ मध्ये वारला. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहरातल्या मुसलमानांना बाहेर काढले. गालिब बल्लीमारानमध्ये राहू शकला, कारण तिथल्या हकीम घराण्याच्या रक्षणासाठी पतियाळाच्या महाराजांनी शिपाई ठेवले होते. ऑक्टोबरात मनोरुग्ण भाऊ युसूफ गेला. पेन्शन बंद पडली ती १८६० पर्यंत. मित्रांपैकी कुणी मारले गेले, कुणी परागंदा झाले.

अशा वेळी त्याने टपालाचा आधार घेतला. १८५४ पासून पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर कुठेही जात होते. या स्वस्त सोयीचे त्याने मैफलीत रूपांतर केले. फारसी वळणाचे लांबलचक मायने त्याने टाकून दिले आणि थेट बोलायला सुरुवात केली. आपण पत्राचा संवाद करून टाकला, असे तो स्वतःच अभिमानाने सांगतो. समीक्षक याला शैलीतील क्रांती म्हणतात, पण मला त्यात नात्याची क्रांती दिसते. मायना माणसाचा दर्जा आधी ठरवतो; तो काढला की समोरचा बरोबरीचा होतो. सिकंदराबादच्या मुन्शी हरगोपाल तफ्तांना तो ‘मिर्झा तफ्ता’ म्हणतो. मीर मेहदी मजरूह यांना लिहिताना समोर बसल्यासारखी सवाल-जवाबाची बैठक जमवतो. पाऊस, आंबे, उजाड दिल्ली, उशिरा आलेल्या उत्तराबद्दलचा रुसवा, सारे त्यात येते. दुःख तो लपवत नाही, पण त्याचे ओझे वाचणाऱ्यावर टाकत नाही.

तरीही या पत्रांपुढे भाबडेपणाने मान तुकवू नये. रामपूरच्या नवाबांना लिहिलेल्या पत्रांत गरजवंताची भाषा आहे. आणि ज्या स्त्रीने त्याच्याबरोबरच सात अपत्ये गमावली, त्या उमराव बेगमचे काय? लग्नाला तो बेडी म्हणतो. दूरच्यांशी इतके मोकळे बोलणारा हा माणूस एकाच छताखालच्या एकाकी बाईशी किती बोलला असेल, ते पत्रे सांगत नाहीत.

‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ मध्ये निघाला. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ १८६९ मध्ये, गालिबच्या निधनानंतर काही दिवसांनी आला. हे दोन संग्रह वाचून आपण विसरलेल्या एखाद्या मित्राला पत्र लिहावेसे वाटेल. ते जरूर लिहावे; पण त्याआधी आपल्याच घरात कुणाशी बोलायचे राहून गेले आहे, तेही पाहावे.