उन्हाळी शिबिरातला ज्वालामुखी

एप्रिल उजाडला की शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, बालशिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. चित्रकला, नाट्य, गिरिभ्रमण यांच्या जोडीला ‘विज्ञानाची जादू’ किंवा ‘धमाल विज्ञान’ अशा नावाचे सत्रही असते. यात वावगे काही नाही. वर्षभर परीक्षानळी फळ्यावरच्या आकृतीत पाहणाऱ्या मुलाच्या हाती ती सुटीत का होईना, खरोखर येणार असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे. या सत्रांचे मार्गदर्शक बरेचदा आपल्यापैकीच, म्हणजे शाळेतले विज्ञान शिक्षक असतात. म्हणूनच या शिबिरांचे परीक्षण आपणच केलेले बरे.

परीक्षणासाठी आम्ही एकच प्रयोग घेतो. आम्ही पाहिलेल्या शिबिरांत समारोपाच्या दिवशी, पालक जमल्यावर, तो मुद्दाम राखून ठेवलेला असतो. मातीचा डोंगर करतात, त्याच्या माथ्यावरच्या खळग्यात अमोनियम डायक्रोमेटचे नारिंगी स्फटिक भरतात आणि काडी लावतात. ठिणग्या उडतात, राख उसळते, टाळ्या पडतात. हा झाला ‘ज्वालामुखी’.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने घडते ते असे. तापवल्यावर अमोनियम डायक्रोमेटचे विघटन होते आणि नायट्रोजन, पाण्याची वाफ व क्रोमियम ऑक्साइड तयार होतात. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे एकदा सुरू झालेली क्रिया आपोआप चालू राहते. हिरवी, फुगीर राख म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. ती फारशी घातक नाही. पण मूळ स्फटिकांतले क्रोमियम सहा संयुजेचे असते आणि अशी संयुगे श्वासावाटे शरीरात गेल्यास माणसाला कर्करोग होऊ शकतो, हे आता निर्विवाद आहे. विघटन न झालेले बारीक कण राखेबरोबर हवेत उडतात. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलांच्या नाकाशी ते सहज पोहोचतात. समारोपानंतर ती हिरवी राख झाडूने लोटली जाते, कधी मुलेच ती हाताने गोळा करतात.

हा झाला सुरक्षिततेचा मुद्दा. पण समजा, प्रयोग धुराच्या बंदिस्त कपाटात केला आणि धोका टळला, तरी आमची तक्रार संपत नाही. कारण ज्वालामुखीत असे काही घडतच नाही. तिथे काही जळत नसते. खोलवरच्या शिलारसात वाफ आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर येतो तसा दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे सुटतात आणि ते शिलारसाला बाहेर ढकलतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर जे दिसते, तेच मोठ्या प्रमाणावर. म्हणजे दोन रुपयांची काडेपेटी आणि विषारी रसायन यांच्याऐवजी सोड्याची एक बाटली आणली असती, तर खरे विज्ञान हाती लागले असते. उलट काडी लावलेला डोंगर पाहून मूल घरी जाते ते ‘ज्वालामुखी म्हणजे पेटलेला डोंगर’ ही चुकीची समजूत घेऊन. ती पुढे वर्गात पुसायला किती वेळ लागतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. महाराष्ट्रातले बहुतेक शिबिर ज्या जमिनीवर भरते, तिच्याखालचा काळा कातळच मुळी लाव्हाचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पातळ बेसॉल्ट वाहत आला आणि थरांवर थर साचले. सह्याद्रीच्या कड्यांवर ते पायऱ्यांसारखे दिसतात. दख्खन ट्रॅप या नावातला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. इथे टोकदार डोंगर का झाला नाही? एका वाटीत पाणी आणि दुसरीत काकवी घेऊन दोन्हींत नळीने फुंकर घालावी. पाण्यातून बुडबुडे सहज निसटतात, काकवीत अडतात आणि मग फुटतात. पातळ लाव्हा शांतपणे दूर पसरतो, घट्ट लाव्हा स्फोट घडवतो. हा प्रयोग प्रत्येक मुलाला स्वतः करता येतो आणि चुकला तर फार तर कपडे चिकट होतात.

शिबिरांतला दुसरा आवडता कार्यक्रम रंगीत ज्वाळांचा. त्यासाठी काही ठिकाणी मिथेनॉल वापरतात. 3 सप्टेंबर 2014 रोजी अमेरिकेतील रिनो शहराच्या एका विज्ञान संग्रहालयात मुलांसमोर ‘आगीचे वादळ’ दाखवताना कापूस नीट पेटला नाही, म्हणून निवेदकाने चार लिटरच्या बाटलीतून त्यावर आणखी मिथेनॉल ओतले. कापूस आतून धुमसत होता. ज्वाळा उलट बाटलीत शिरली आणि तेरा जण जखमी झाले, त्यांत बहुतेक मुले होती. मिथेनॉलची वाफ आपल्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेते आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. निवेदक अडाणी नव्हता. खेळ फसतोय आणि प्रेक्षक वाट पाहताहेत, या घाईत बाटली हातात आली. प्रयोगाचा खेळ झाला की ही घाई येतेच.

आमचे म्हणणे इतकेच, की शिबिराचा दर्जा आणि त्याची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत. ‘आता काय होईल असे वाटते?’ हा प्रश्न विचारून जिथे क्षणभर थांबतात, तिथे मूल विचार करते आणि मार्गदर्शकाचाही हात सावध राहतो. जिथे थांबायला सवड नाही, तिथे दोन्ही हरवतात.

संयोजकांची बाजूही आहे. पालकांना शुल्काच्या बदल्यात काही झगमगते पाहायचे असते आणि काकवीच्या वाटीला टाळ्या पडत नाहीत. पण पालक शिबिराबद्दल विचारायला येतात ते शिक्षकांकडेच. तेव्हा शिफारस करण्याआधी काही गोष्टी आपण जरूर विचाराव्यात. वापरायच्या रसायनांची लेखी यादी आहे का? मार्गदर्शकाने तोच प्रयोग तेवढ्याच प्रमाणात आधी करून पाहिला आहे का? एका मार्गदर्शकामागे मुले किती? सहलीला निघताना आणि परतताना मोजदाद कोण करते? एखादे मूल एकट्याच मोठ्या माणसाच्या ताब्यात राहत नाही ना? भाजल्यास वीस मिनिटे धरता येईल इतके वाहते गार पाणी जवळ आहे का, की टूथपेस्ट शोधत बसणार?

आणि शेवटचा प्रश्न मुलाला, शिबिरातून परतल्यावर: तू स्वतःच्या हाताने काय केलेस? उत्तर ‘सरांनी दाखवले’ असे आले, तर पुढच्या वर्षी त्या शिबिराची शिफारस करू नये. मार्गदर्शक आपण स्वतः असलो, तर अभ्यासक्रम बदलावा.