अमरत्वाची संपादणी : जयपूरच्या तमाशातील गोपीचंद

सात चिरंजीवांच्या मान्य यादीत गोपीचंदाचे नाव नाही. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम यांच्या पंक्तीत बसण्याइतके त्याचे पुराणातले स्थान मोठे नाही. तरीही बंगालपासून पंजाबपर्यंत आणि राजस्थानपासून महाराष्ट्रापर्यंत लोकमानसाने त्याला भर्तृहरीच्या जोडीने अमर मानले आहे. या अमरत्वाची जात मात्र निराळी आहे. अश्वत्थाम्याचे चिरंजीवित्व हा शाप आहे. सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रेला जाणाऱ्यांच्या श्रद्धेतही तो कपाळीची जखम घेऊन तेल मागत फिरणाराच आहे. हनुमंताचे चिरंजीवित्व हे वरदान आहे. गोपीचंदाला ते मिळाले एका सोंगामुळे. ही गोष्ट कथा सांगणाऱ्यांना ठाऊक असते, ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असते. समीक्षेने मात्र तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

जयपूरच्या तमाशात गोपीचंद हा एक ठरलेला खेळ आहे. येथे ‘तमाशा’ या शब्दाने मराठी वाचकाची किंचित दिशाभूल होण्याचा संभव आहे. ढोलकी, लावणी, सवालजबाब यांचा या प्रकाराशी संबंध नाही. हा रागदारीच्या आधाराने गायला जाणारा संगीत खेळ आहे; त्याचे प्रवर्तक म्हणून बंशीधर भट्ट यांचे नाव घेतले जाते आणि त्यांच्याच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तो सांभाळला आहे. नाहरगडाच्या पायथ्याशी वसलेल्या ब्रह्मपुरी या वस्तीतील मोकळा आखाडा ही त्याची मुख्य जागा. होळीचे दिवस हा त्याचा काळ. पडदा नाही, उंच रंगमंच नाही, प्रेक्षक चहूबाजूंनी जमिनीवर बसलेले. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषांनीच केलेल्या. ‘रांझा-हीर’, ‘जोगी-जोगन’ आणि ‘गोपीचंद’ ही त्यातल्या खेळांची नावे पाहिली तरी लक्षात येते, की घर सोडून जोगी झालेल्या माणसाचे या परंपरेला विलक्षण आकर्षण आहे. आणि हे आकर्षण होळीच्या रंगांत, थट्टेच्या हंगामात व्यक्त व्हावे, यातच तिचे सारे वैशिष्ट्य साठवले आहे.

गोपीचंदाची कथा मराठी वाचकाला धुंडिसुत मालू याच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या ग्रंथामुळे परिचित आहे. शके १७४१, म्हणजे इ. स. १८१९ मधला हा ग्रंथ आजही घरोघरी पारायणासाठी वाचला जातो. साहित्यकृती म्हणून तो क्वचितच वाचला जातो. मालूच्या ओवीत चमत्कारांची दाटी आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती कंटाळवाणी होते, हे मान्य केले पाहिजे. गोपीचंदाच्या प्रकरणात मात्र त्याची लेखणी वेगळी चालते. हेलापट्टणचा हा तरुण राजा स्नानाला बसलेला असताना वरून त्याच्या अंगावर एक उष्ण थेंब पडतो. तो आई मैनावतीचा अश्रू असतो. एवढे सुंदर शरीर त्याच्या बापाच्या शरीरासारखेच एक दिवस जळून जाणार, या विचाराने ती रडत असते. अमरत्वाची इच्छा येथे राजाला झालेली नाही; ती त्याच्या आईला झाली आहे. मृत्यूचे भय आईचे आणि त्यावरचा उपाय मुलाने करायचा, हा या कथेतला खरा ताण आहे, आणि मालूने तो कोणतेही तत्त्वज्ञान न सांगता केवळ एका थेंबात उभा केला आहे.

पुढचा भाग प्रसिद्ध आहे. आवडत्या राणीच्या कानभरणीमुळे राजाने मैनावतीच्या गुरूला, जालिंदरनाथाला, खड्ड्यात टाकून वर घोड्यांची लीद लोटलेली असते. आता त्याच गुरूला बाहेर काढून त्याच्याकडून दीक्षा घ्यायची. बाहेर येणाऱ्या गुरूच्या क्रोधापुढे राजा टिकणार कसा? जालिंदराचा शिष्य कानिफनाथ युक्ती सांगतो : निरनिराळ्या धातूंचे गोपीचंदाचे पुतळे करावे आणि राजाऐवजी ते खड्ड्याच्या काठावर उभे करावे. आतून प्रश्न येतो, वर कोण आहे? उत्तर दिले जाते, राजा गोपीचंद. भस्म हो, असा शाप सुटतो आणि पुतळा जळतो. असे एकामागून एक पुतळे जळतात. अखेरीस क्रोध ओसरतो, राजा तरीही वाचला हे पाहून गुरू प्रसन्न होतो आणि त्याला अमरत्व देतो.

हा प्रसंग सामान्यतः कानिफाच्या चातुर्याचा म्हणून सांगितला जातो. पण त्यातली अडचण उघड आहे. खड्ड्यात वर्षानुवर्षे समाधिस्थ राहणाऱ्या सिद्धपुरुषाला वर उभा आहे तो माणूस की पुतळा हे कळत नसेल, तर त्याचे सिद्धत्व उणे पडते. कळत असेल, तर तो जाणूनबुजून फसतो आहे. दुसरे वाचन अधिक अर्थपूर्ण आहे. सोंग उभे करणारा आणि सोंगाला खरे मानून उत्तर देणारा, दोघेही एकाच खेळात सामील आहेत. शाप खोट्यावर खर्च व्हावा आणि खऱ्याला वाचता यावे, एवढ्यासाठी मांडलेला हा खेळ आहे. गोपीचंदाचे अमरत्व तपश्चर्येतून आलेले नाही. आपल्या नावाने दुसरे काही उभे राहिले आणि ज्याने ते ओळखायचे त्याने न ओळखल्यासारखे केले, म्हणून ते आले.

या ठिकाणी विजयदान देथा यांच्या ‘रिजक री मरजादा’ या राजस्थानी कथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिचा नायक सोंगे आणून पोट भरणारा भांड आहे आणि घेतलेल्या रूपाशी तो इतका प्रामाणिक आहे, की सतीचे सोंग घ्यायची आज्ञा झाल्यावर तो चितेवर खरोखरच जळून जातो. देथांच्या कथेत सोंगाबरोबर सोंग आणणारा जळतो. गोपीचंदाच्या कथेत सोंग जळते आणि माणूस राहतो. एकाच भूमीत रुजलेल्या या दोन कथा कलावंताच्या नीतीविषयी परस्परविरुद्ध बाजू घेतात. देथांचा भांड थोर आहे, यात शंका नाही. पण त्याच्या थोरवीत राजाची क्रूर हौसही मिसळलेली आहे. सोंग ते सोंग असे म्हणून थांबणारा कोणी प्रेक्षक त्या कथेत नाही.

ज्ञानेश्वरांनी तिसऱ्या अध्यायात कर्मयोग समजावताना बहुरूप्यांच्या राजा-राणीचा दृष्टांत दिला आहे. त्यांच्या मनात स्त्रीपुरुषभाव नसतो, पण लोकांपुढे ते ती भूमिका जशीच्या तशी वठवतात. त्यासाठी त्यांनी वापरलेला ‘लोकसंपादणी’ हा शब्द कोणत्याही नाट्यशास्त्रीय परिभाषेपेक्षा नेमका आहे. संपादणी म्हणजे फसवणूक नव्हे आणि तद्रूपताही नव्हे. लोक आहेत म्हणून ती आहे. ब्रह्मपुरीच्या आखाड्यातला गोपीचंद या अर्थाने संपादला जातो. मुकुट घालून, पायांत घुंगरू बांधून जो समोर उभा राहतो, तो त्याच वस्तीतल्या घराण्यातला. त्याच्या वडिलांना आणि आजोबांना याच भूमिकेत पाहिलेली माणसे भोवती बसलेली असतात. सारंगी, तबला आणि पेटी यांच्या साथीने तो शतकांपूर्वीचा राजा होतो, आणि गाता गाता मध्येच आजच्या एखाद्या घटनेवर शेरा मारून जातो. अमर माणसाने चालू काळाविषयी बोलावे, यात विसंगती कसली? तो तेव्हाही होता, आजही आहे. प्रेक्षक हसतात ते या तर्काला. हे हसणे अश्रद्धेचे नव्हे. जालिंदराने पुतळ्याला दिलेल्या उत्तराची जात हीच आहे.

याच जयपूरच्या इतिहासात गत युगाचे आणखी एक सोंग नोंदले गेले आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे. १७२७ साली हे नगर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात अश्वमेध केला. त्याचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांच्या घराण्याची हवेली ब्रह्मपुरीतच आहे. मोगल बादशहाचा मनसबदार असलेल्या राजाने वैदिक काळातल्या चक्रवर्तीची भूमिका घ्यावी, यातला विरोधाभास त्या काळच्या लोकांना दिसला नसेल असे नाही. पण तेथे हसायला परवानगी नव्हती. राजाच्या भव्य संपादणीची आता इतिहासकारांपुरती चर्चा उरली आहे. आखाड्यातली हलकीफुलकी संपादणी मात्र होळीला माणसे जमवत राहिली.

मराठी रंगभूमीलाही गोपीचंद अपरिचित नव्हता. विष्णुदास भावे यांनी १८५४ मध्ये मुंबईत ‘राजा गोपीचंद’ हा खेळ हिंदुस्थानी भाषेत केला. अनेकभाषी मुंबईसाठी त्यांनी रामायणातले आख्यान न निवडता जोगी राजाची कथा निवडली, ती साऱ्यांच्या ओळखीची होती म्हणूनच, असा तर्क करता येतो. पुढे मात्र मराठीत गोपीचंद पारायणाच्या पोथीत स्थिरावला. फलश्रुतीसाठी वाचलेल्या ग्रंथात पुतळ्यांचा प्रसंग चमत्कार ठरतो, खेळ ठरत नाही. खेळकर अमराची जागा मराठीत दुसऱ्याने घेतली : तमाशाच्या गवळणीतला कृष्ण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना अडवून तो दान मागतो आणि मावशी त्याला आजच्या भाषेत झाडते. द्वापरयुगातल्या देवाची अशी फजिती करणे ही भक्तीचीच एक रीत आहे, हे एकनाथांच्या भारुडांपासून मराठी मनाला माहीत आहे. पण कृष्णाला मागायचे असते ते लोणी. गोपीचंदाला मागायची असते भिक्षा, आणि तीही स्वतःच्या राण्यांकडे.

या मागण्यातच कथेचे मर्म आहे, आणि ते पोथीपेक्षा जोग्यांनी अधिक जपले. अ‍ॅन ग्रोड्झिन्स गोल्ड यांनी अजमेर जिल्ह्यातील घटियाली गावच्या मधू नाटीसर नाथ यांच्या तोंडून ऐकलेली भर्तृहरी आणि गोपीचंद यांची आख्याने १९९२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिथला गोपीचंद पदोपदी रडतो. त्याला राज्य सोडायचे नाही, राण्या सोडायच्या नाहीत, अमरही व्हायचे नाही. दारोदार भिक्षा मागून जगणाऱ्या गायकाने राजाला असे रडताना दाखवावे, यात करुणा आहे तशी गंमतही आहे : जे याला नकोसे झाले आहे, त्यावर त्याची कथा सांगणाऱ्याचा उदरनिर्वाह चालतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण या गायकाइतकी दुसऱ्या कोणाला लागू पडणार नाही.

महाराष्ट्रात नाथांचा हा वारसा झोळी आणि डवर घेऊन फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसाव्यांकडे आला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, रैनपाडा येथे, या समाजातील पाच जणांना जमावाने मारहाण करून ठार केले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्यांच्याआधी गावात पोचली होती. या घटनेची चर्चा कायदा, अफवा आणि भटक्या जमातींची असुरक्षितता या अंगांनी झाली, आणि तशी ती व्हायलाच हवी होती. पण साहित्याच्या अभ्यासकालाही तिच्याकडे पाठ फिरवता येत नाही. दारात आलेला जोगी कोणाचे नाव घेऊन आला आहे हे ओळखणे, आणि ओळखून त्याच्या झोळीत पसाभर धान्य टाकणे, ही शतकानुशतके ऐकणाऱ्याने करायची संपादणी होती. ती करणारा नसेल तर काठावर पुतळा उरत नाही, माणूसच उभा असतो.

मालूच्या ग्रंथात भिक्षेचा शेवटचा मोठा प्रसंग बहिणीच्या घरचा आहे. जोगी होऊन आलेल्या गोपीचंदाची चंपावतीच्या सासरी अवहेलना होते. ती अवहेलना सहन न होऊन बहीण प्राण देते. लगोलग जालिंदर येऊन तिला उठवतो. पारायणाच्या ग्रंथाला तसे करणे भाग होते; पण त्यामुळे प्रसंगाची धार गेली, हे खरे. ती टिकते फक्त त्याआधीच्या थोड्या ओव्यांत, जिथे अमर झालेला भाऊ हात पुढे करून उभा आहे आणि बहीण त्याच्या तोंडाकडे पाहते आहे.