अपूर्ण आणि असंग्रहित : खांडेकरांचे मरणोत्तर वाङ्मय

११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेल्या आणि २ सप्टेंबर १९७६ रोजी शेजारच्याच मिरजेत देह ठेवलेल्या कादंबरीकार विष्णु सखाराम खांडेकरांच्या नावावरील ग्रंथसंख्या त्यांच्या निधनानंतरही वाढतच राहिली. १९८१ साली ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्र निघाले, पुढे डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी जुन्या नियतकालिकांत विखुरलेले त्यांचे लेखन हुडकून संग्रहामागून संग्रह सिद्ध केले आणि ‘सोनेरी स्वप्नं भंगलेली’ ही अपुरी राहिलेली कादंबरीही वाचकांच्या हाती दिली. या परिश्रमांचे ऋण निःसंशय मोठे आहे. परंतु ते मान्य केल्यावरही एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे, ती ही की, असंग्रहित आणि अपूर्ण या साहित्याच्या दोन अगदी निराळ्या अवस्था असून मराठीच्या प्रकाशनव्यवहारात त्यांचा निवाडा सरसकट एकाच कलमाखाली होत आला आहे.

असंग्रहित लेखन लेखकाने आपल्या हयातीत स्वतः संपादकाच्या स्वाधीन केलेले असते. त्या लेखनाच्या प्रसिद्धीला लेखकाची संमती असते. १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत अध्यापन करीत असताना खांडेकरांनी सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातून जे विपुल लेखन केले, ते त्यांनी लपविले नव्हते. मात्र ग्रंथ सिद्ध करताना लेखक जे वगळतो, त्यातही त्याची रसिकता आणि आत्मपरीक्षण असते, आणि हे वगळणे हाही त्याच्या समीक्षेचा एक भाग मानला पाहिजे. म्हणून मरणोत्तर संग्रहात प्रत्येक लेखाखाली तो प्रथम कोठे व केव्हा छापला गेला याची नोंद असणे अगत्याचे आहे. ती नसली, तर उमेदवारीच्या काळातील लेख आणि ‘ययाति’कारांचा परिपक्व लेख एकाच पंक्तीला बसतात, आणि लेखणी घडत कशी गेली हे पाहण्याची जी एकमेव संधी अशा संग्रहामुळे लाभते, तीच हातची जाते.

अपूर्ण कादंबरीची गोष्ट याहून नाजूक आहे. खांडेकरांच्या कलेत शेवटाला असाधारण महत्त्व आहे. १९५९ च्या ‘ययाति’ कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या मुखाने कथा सांगतात, पण त्या निवेदनांना अर्थ प्राप्त होतो तो भोगाच्या टोकाला पोचलेल्या राजाला अखेरीस झालेल्या जाणिवेमुळे. ज्याची पात्रे जीवनमूल्यांच्या खटल्यात साक्षीदार म्हणून उभी राहतात, त्या लेखकाची कृती निकालापूर्वीच थांबली, म्हणजे आपल्यापुढे केवळ जबान्या उरतात. माझ्या मते अशा कादंबरीचे खरे मोल याच ठिकाणी आहे. ध्येयवादाचा उपसंहार अजून आलेला नसताना खांडेकरांना आपल्या काळातील भ्रमनिरास कसा दिसत होता, हे येथे अनावृतपणे पाहावयास मिळते. तथापि, अखेरच्या वर्षांत दृष्टी गेल्याने ते मजकूर सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेत, हे ध्यानी घेता त्या काळातील प्रत्येक हस्तलिखिताविषयी अक्षर कोणाचे, दुरुस्ती कोणी केली आणि लेखकाने ते पुन्हा वाचून घेतले काय, या प्रश्नांची दखल प्रस्तावनेत यावयास हवी.

लेखकाची संमती नाही एवढ्यासाठी सारेच दडपून ठेवावे, असा याचा अर्थ नव्हे. बंगाली कवी जीवनानंद दास १९५४ साली वारले. १९३४ च्या सुमारास लिहून त्यांनी बाजूस ठेवलेल्या कविता १९५७ साली ‘रूपसी बांगला’ या नावाने निघाल्या आणि बंगालच्या हृदयात जाऊन बसल्या. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अप्रकाशित हस्तलिखितांचे उदाहरण तर अधिकच बोधक आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादकत्वाखाली १९७९ पासून त्यांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि १९८७ साली चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले. त्यातील राम-कृष्णविषयक प्रकरणावरून उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. परंतु त्या गदारोळात हे काम वाङ्मयदृष्ट्या किती कठीण होते, सुट्या प्रकरणांतून एक ग्रंथ उभा करताना संपादकाला किती ठिकाणी स्वतः निर्णय घ्यावे लागले असतील, याचा विचार फारसा झाला नाही. राजकीय वादाच्या धुरळ्यात पाठचिकित्सा मागे पडावी, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.



खांडेकरांचे असंग्रहित लेखन हुडकण्याच्या सर्व प्रयत्नांचा पाया नियतकालिकांचे जुने अंक हाच आहे, आणि ते केव्हाही नष्ट होऊ शकतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगरवाचनालयात शिरून तेथील ग्रंथसंपदेची अपरिमित हानी झाली, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणूनच खांडेकरांच्या असंग्रहित लेखनाचे आणखी एखादे पुस्तक काढण्यापूर्वी त्यांच्या समग्र नियतकालिक लेखनाची, अंक, तारीख आणि पृष्ठ यांसह, वर्णनात्मक सूची सिद्ध व्हावी, आणि हे काम सांगली, कोल्हापूर व सावंतवाडी येथील ग्रंथालयांनी आपापले दप्तर एकत्र करून विनाविलंब हाती घ्यावे.