आईचं मशीन

विद्यार्थ्यांचा लघुपट कसा सुरू होतो हे आता मला तोंडपाठ झालं आहे. आधी काळोख. मग गजर वाजतो. पांघरुणातून एक हात बाहेर येतो, चाचपडत गजर बंद करतो. नायक उठतो, बेसिनसमोर उभा राहतो आणि आरशात स्वतःकडे बघतो. बराच वेळ बघतो. नळ टपटपत असतो. त्याला कसलं तरी दुःख आहे एवढं आपल्याला कळतं. कसलं, ते बहुधा दिग्दर्शकालाही नक्की ठाऊक नसतं. नायकाची दाढी वाढलेली असते, कारण दाढी हे दुःखाचं सगळ्यात स्वस्त नेपथ्य आहे. मग तो रेल्वेच्या रुळांच्या दिशेने चालू लागतो. शेवटी एक तर हे सगळं स्वप्न असतं, नाहीतर नायक पहिल्यापासूनच मेलेला असतो. काळ्या पडद्यावर एखाद्या थोर परदेशी माणसाचं वचन उमटतं आणि कथेपेक्षा लांब अशी नामावली सुरू होते. तिच्यात 'विशेष आभार' या सदराखाली आई, बाबा आणि ज्याचा कॅमेरा आणला तो मित्र.

मी आंबिवलीला राहत असल्यामुळे या चित्रपटसृष्टीशी माझा थेट संबंध येतो. शहाड आणि टिटवाळा यांच्या मधलं हे आमचं स्टेशन. कसाऱ्याकडे जाणारी एक गाडी गेली आणि दुसरी अजून यायची आहे अशा दुपारी इथे जी शांतता असते तिला मुंबईची पोरं 'ग्रामीण एकाकीपणा' म्हणतात आणि तो टिपायला येतात. रेल्वे पोलीस दिसला की तोच एकाकीपणा तिवईसकट पुलावरून पळत सुटतो.

माझा भाचा मास मीडियाचा विद्यार्थी आहे. त्याला मी विचारलं, "तुमच्या सगळ्यांच्या फिल्मा एकसारख्याच कशा रे?"

"मामा, आम्ही कन्व्हेन्शन मोडतो."

"सगळे एकाच ठिकाणी मोडता का?"

यावर त्याने मला जॉनर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी पडलो बी.कॉम. मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं. जॉनर म्हणजे खात्याचा प्रकार. बचत, चालू, मुदत ठेव. प्रेक्षक भयपटाचं खातं उघडतो तेव्हा दार करकरलं पाहिजे, हा त्याचा हक्क असतो. रहस्यपटात खुनी सापडला पाहिजे, कौटुंबिक चित्रपटात सासू शेवटी रडली पाहिजे. आता हे नियम मोडायचे म्हणता, जरूर मोडा. पण मुदत ठेव मोडायची तर आधी ती ठेवलेली पाहिजे ना? काउंटरवर येऊन "मला ठेव मोडायची आहे" असं म्हणणाऱ्या, आमच्याकडे एक पैसाही न ठेवलेल्या माणसाकडे मी जसा बघतो, तसाच मी या लघुपटांकडे बघत आलो.

भाचा चिडला. चिडून त्याने जो लघुपट मला दाखवला, त्याबद्दल मात्र मी त्याचा आभारी आहे. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी'. सालं २००४. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे १९६० साली जुन्या प्रभातच्या आवारात सुरू झालेल्या संस्थेत, शिकताना केलेला हा त्यांचा पदविकेचा चित्रपट. अर्ध्या तासाच्या आतला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत नॉन-फीचर विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळालं. हेच कुलकर्णी पुढे 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ' करणारे.

नाव ऐकून आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "संपावरचा आहे का?" तिचंही बरोबर आहे. मुंबईच्या या टापूत 'गिरणी' म्हटलं की १९८२ आठवतं आणि डॉक्टर दत्ता सामंत आठवतात. पण ही ती गिरणी नव्हे. ही दळणाची, घरात येऊन बसणारी.

गोष्ट दोन ओळींची आहे. बाप नसलेलं घर. चार पैसे मिळावेत म्हणून आई घरात गिरणी आणते. मुलाला आधी तिचं अप्रूप वाटतं. मग तिच्यापायी काम आणि आवाज मागे लागतो, आणि हळूहळू ती त्याच्या डोक्यात जाते. शेवटी तो ती घालवायचं ठरवतो. पुढचं सांगत नाही. लघुपटाचा शेवट सांगणाऱ्या समीक्षकाला जाताना पाचशे पानांची कादंबरी वाचायला द्यावी.

विधवा आई, एक मशीन आणि मुलगा! हा सांगाडा वाचल्याबरोबर तुम्ही ओळखलं असेल. हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भरवशाचं खातं. त्याला नुसतं 'आई' म्हणावं. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक पटकावलं ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने. म्हणजे पुरस्कारांचं खातंच मुळी आईच्या नावाने उघडलं गेलं. मग १९५७ची 'मदर इंडिया', आपल्याकडची १९६३ची 'मोलकरीण', १९७५च्या 'दीवार'मध्ये विटा वाहणारी निरूपा रॉय. आणि या सगळ्यांच्या मागे हिंदी पडद्यावर अखंड फिरणारं ते शिलाई मशीन! आई पायाने मशीन चालवते, चाक फिरतं, कॅमेरा चाकावर जातो, आणि चाक थांबतं तेव्हा मुलगा एकदम इन्स्पेक्टर झालेला असतो. दोन टाक्यांत चौदा वर्षं. इतक्या वर्षांत त्या मशीनचा दोरा तुटला नाही, सुई मोडली नाही आणि मशीनवाल्याचा माणूस हप्ता मागायला आला नाही.

मुख्य म्हणजे त्या मशीनचा मुलाला कधी त्रास होत नाही. तो शेजारीच बसून अभ्यास करतो. आवाजाने त्याची चूक होत नाही, की सगळ्या खोलीत पसरलेल्या चिंध्यांना तो वैतागत नाही. आई राबतेय आणि पोरगं वैतागलंय, हे दृश्य आपल्या सिनेमाच्या कायद्यात बसतच नाही. आईच्या कष्टांना मुलाने दोनच गोष्टी द्यायच्या असतात. लहानपणी अश्रू आणि मोठेपणी बंगला.

आणि इथे 'गिरणी' काय करतो बघा. तो खातं रीतसर उघडतो. विधवा आई घेतो, तिचे कष्ट घेतो, मशीन घेतो, पोर घेतो. एकही कागद कमी ठेवत नाही. आणि मग फक्त एक प्रश्न विचारतो, तोही पोराला: "तुला हे मशीन आवडतं का रे?"

बस. एवढंच. रुळ नाहीत, आरसा नाही, परदेशी वचन नाही. पण हा प्रश्न या आधी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि मी तरी कुठे विचारतो? मी बँकेत कर्जाच्या टेबलावर असतो. आमच्या मोहने-आंबिवलीत रेयॉन बनवणारी एन.आर.सी. २००९ साली बंद पडली आणि लहानपणापासून ज्याच्यावर आमची घड्याळं लागायची तो भोंगा थांबला. त्यानंतर कितीतरी घरांत बाईमाणसाने काहीतरी सुरू केलं. कुणी पोळ्या लाटल्या, कुणी मसाले कुटले, कुणी घरघंटी घेतली. घरघंटीच्या कर्जाचे अर्ज माझ्या हाताखालून जातात. कोटेशन, दोन जामीन, अंदाजे उत्पन्न. एक रकाना असतो 'अवलंबित व्यक्तींची संख्या'. तिथे '१' लिहिलेलं असतं. अवलंबित व्यक्तीचं मत, असा रकाना नाही. आणि नसतो तेच बरं म्हणा. नाहीतर एकही प्रकरण मंजूर व्हायचं नाही.

पण घरघंटी आलेलं घर मी आतून पाहिलं आहे. ती येते तेव्हा तिला हार घालतात, हळदकुंकू लावतात. आठ दिवस पोरं तिच्याभोवती नाचतात. मग दिसायला लागतं की, ती जिथे उभी आहे तिथे आधी काहीतरी होतं: दप्तराची जागा, नाहीतर गादी. सगळ्यावर पिठाचा एक पातळ थर. दाराशी चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांची रांग. आणि "जा रे, तळमजल्याच्या काकूंचं दळण देऊन ये" हे वाक्य नेमकं आपली बॅटिंग आली की. ते पोर काही वाईट नसतं. आईसुद्धा वाईट नसते. दोघांपैकी एक वाईट असता तर सिनेमा करणं फार सोपं गेलं असतं, आणि आपल्याकडे बहुधा तसाच केला जातो. 'गिरणी'मध्ये खलनायक म्हणून उभं करायला माणूसच नाही. आहे ते एक यंत्र, आणि तेही घराला जेवू घालणारं.

या चित्रपटातल्या आवाजाबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे. मराठी माणसाला दळणाचा आवाज म्हणजे काय असतो? जातं, पहाट, ओवी. मांडीवर झोपलेलं मूल. शेकडो वर्षं आपण त्या घरघरीला संगीत म्हणत आलो आणि पाठ्यपुस्तकांतून तिच्यावर धडे लिहीत आलो. (धडे लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी पायली दळली होती, हा प्रश्न वेगळा.) मांडीवरच्या त्या मुलाला झोप लागत होती की नाही, हे कुणी पाहिलं नव्हतं. 'गिरणी'तली घरघर ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की, नसेलही लागत. जात्याला माणसाचा दम होता, दमलं की थांबायचं. विजेच्या गिरणीला दम नाही. समीक्षक मंडळी याला ध्वनिसंकल्पन वगैरे म्हणतील. मी एवढंच म्हणेन की, सिनेमा संपला आणि आमच्या घरातल्या मिक्सरची मला जरा भीतीच वाटली.

भाच्याचं म्हणणं, हा मोठा विद्रोह आहे. मला तो शब्द जरा मोठा वाटतो. विद्रोह बघायचा तर त्याच्याच मोबाइलवर नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' होता. तोही विद्यार्थीदशेतला, अहमदनगरला (आता अहिल्यानगर) संज्ञापन शिकताना केलेला, पंधराएक मिनिटांचा. २०१०च्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाचा सर्वोत्कृष्ट पहिला नॉन-फीचर चित्रपट ठरलेला. तिथे मोडलेलं खातं वेगळं आहे: 'गरीब पण प्रामाणिक मुलगा'. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून बोर्डात येणारा. पिस्तुल्यालाही शाळेतच जायचं आहे, पण परिस्थिती त्याला चोरी करायला लावते. गरीब आणि प्रामाणिक या दोन शब्दांमधला तो 'पण' आपण किती आरामात बसून लिहितो, हे तिथे कळतं. पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढे 'सैराट'मध्ये प्रिन्स म्हणून आला तेव्हा आमच्या थिएटरात लोक त्याला शिव्या देत होते. मी गप्प बसलो. त्याला मी लहानपणापासून ओळखत होतो.

'गिरणी'चं बंड त्या जातीचं नाही. ते घरातलं, मध्यमवर्गाला परवडणारं आहे, आणि म्हणूनच जास्त टोचतं. पिस्तुल्याबद्दल हळहळून आपण घरी जाऊ शकतो. 'गिरणी'तल्या पोराबद्दल हळहळलं की, आपली आई आठवते, तिची पापडाची लाटी आठवते, आणि "पुन्हा पापड?" असं आपण कधी म्हणालो होतो का, हे आठवायचा मोह टाळावा लागतो.

एक तक्रार आहे. आपले विद्यार्थी लहान मुलांच्या गोष्टी जरा फारच करतात. लहान मूल पडद्यावर आलं की निम्मा प्रेक्षक जामीन राहायला तयारच असतो, तारण मागत नाही. हीच गोष्ट आईच्या बाजूने सांगितली असती तर? मशीन कुठे ठेवायचं यावर तिने किती रात्री काढल्या असतील, पोराचा उतरलेला चेहरा तिला दिसत नसेल का, दिसूनही दुसऱ्या दिवशी पहिला डबा ओतताना तिचा हात थांबला असेल का? विधवा आई आपण इतक्यांदा पाहिली, पण तीही पाहिली ती मुलाच्या उंचीवरूनच. खात्याचा हा एक नियम 'गिरणी'नेही शाबूत ठेवला आहे. कुणीतरी हे करायला हवं. भाच्याला मी तसं सुचवलं. तो म्हणाला, "विषय चांगला आहे, मामा, पण आईची भूमिका करायला कोण मिळणार?" स्वतःची आई शेजारी बसून त्याच्यासाठी वाटाणे सोलत होती.

आणि दुसरा एक प्रश्न, तो समीक्षेत बसत नाही, पण माझ्या टेबलाला सोडवत नाही. ती गिरणी रोखीने घेतली होती की कर्जाऊ? कर्जाऊ असेल, तर पोराने ती घालवली तरी हप्ता चालूच राहणार. पाच तारखेला. आणि जामीन म्हणून सही केलेले ते शेजारचे दोघे, त्यांना सिनेमा संपला हे कोण सांगणार?